हाँगकाँगचा लांताऊवरचा बुद्ध: गुडघेदुखीवाल्या आईला न्यावं का?

चिंगी_ठाणे

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात हाँगकाँगला जाणं ठरलंय. नवऱ्याचं ऑफिसचं काम आहे, त्याला शेपूट म्हणून मी, लेक आणि माझे आईबाबा. आईच्या एका गुडघ्याची वाटी बदललेली आहे, दुसरा कुरकुरतोय. बाबा तसे ठणठणीत, पण उंचीला घाबरतात आणि ते कबूल करत नाहीत.

लेकीला डिस्नेलँड हवंय. मला एक अख्खा दिवस लांताऊ बेटावर घालवायचाय, न्गाँग पिंगच्या पठारावर पो लिन मठ आहे आणि समोरच्या टेकाडावर तो भला मोठा बसलेला बुद्ध, तिथे. पण २६८ पायऱ्या आहेत असं वाचलं आणि धसका घेतला. पायऱ्या टाळून वर जायची काही सोय आहे का? केबल कार बरी की बस? आईला चातुर्मास संपला तरी कांदा-लसूण चालत नाही, तिथे उपाशी तर नाही ना मरणार?

शिवाय धाकटे दीर म्हणाले, "१९९३ साली बसवलेली मूर्ती ती. त्यात बघायचंय काय?" म्हणजे मूर्ती माझ्यापेक्षा लहान आहे हे खरंच. दिवस घालवण्यासारखं आहे का, जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

टवाळखोर

२६८ पायऱ्या म्हणजे अडीच पर्वती. पुणेकरांना विचारा, ते रोज सकाळी चढतात आणि दिवसभर सांगतात.

रानवारा

@टवाळखोर, पर्वतीच्या १०३. हिशेब बरोबर आहे, टोमणा मात्र चुकलाय. आम्ही आदल्या दिवशीपासूनच सांगायला लागतो.

हाँगकाँगची_वहिनी

चिंगी, आम्ही तुंग चुंगलाच राहतो. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा आमच्याकडे जेवून बुद्ध बघून जातो, त्यामुळे माझा यात अधिकार आहे असं समज.

मेट्रोची नारिंगी लाइन पकडून शेवटचं स्टेशन तुंग चुंग. तिथून दोन वाटा. केबल कार ५.७ किलोमीटरची आहे, साधारण पंचवीस मिनिटं लागतात. खाली खाडी, एका बाजूला विमानतळाच्या धावपट्ट्या, लांबवर मकाव-झुहाईला जाणारा समुद्री पूल आणि मग नुसते हिरवे डोंगर. दृश्य म्हणून तोड नाही. काचेच्या तळाचे डबेही असतात, पण बाबांना त्यात बसवू नकोस, साध्या डब्याचं तिकीट काढ. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेव. वारा जोरात असला की केबल कार बंद ठेवतात, देखभालीसाठीही अधूनमधून बंद असते, तारीख ठरवण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घे.

दुसरी वाट २३ नंबरची बस. पाऊण तास वगैरे लागतो, घाटाचा रस्ता आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. आता हे नीट वाच, कारण पर्यटनाच्या पानांवर कोणी सांगत नाही: बस थांबते ती मूर्तीच्या पायथ्यापासून अगदी जवळ. केबल कारचं स्टेशन मात्र दुकानांच्या त्या नव्या 'खेड्या'च्या पलीकडच्या टोकाला आहे, तिथून सपाटीने दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. आईचा गुडघा बघता मी म्हणेन जाताना केबल कार, सकाळी ताजीतवानी असताना. परतताना बस.

पायऱ्यांचं म्हणशील तर अपंग आणि वयस्कर लोकांसाठी गाडीने वर जायचा एक छोटा वळणाचा रस्ता आहे. खाली चौकात कर्मचारी असतात, त्यांना विचारायचं. आईकडे बघून सहसा कोणी नाही म्हणत नाही. आणि नाहीच गेली वर तरी बिघडत नाही. मूर्ती ३४ मीटर उंच आहे, खालून अख्खी दिसते. उलट अगदी पायाशी गेलं की हनुवटीच दिसते.

पिंपळपान

वहिनींनी सगळं सांगितलंच. माझी एक भर: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. गर्दी असतेच, वर बसचं भाडंही त्या दिवशी जास्त असतं.

गोदाकाठ_नाशिक

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. मी गेलो होतो. उतरल्या उतरल्या कॉफीची दुकानं, स्मृतिचिन्हांची दुकानं, जुन्या चिनी गावासारखी दिसावीत म्हणून मुद्दाम बांधलेली घरं. सगळं सजवलेलं. मग मोठी मूर्ती, तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढणारे शेकडो लोक. आपल्याकडे पांडवलेणी आहेत, अजिंठा आहे. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती बघितल्यावर जे होतं ते इथे काही झालं नाही. चिंगीताईंच्या दिरांशी मी सहमत. डिस्नेलँडच बरं, ते निदान आपण डिस्नेलँड आहोत हे लपवत तरी नाही.

टवाळखोर

पॉपकॉर्न आणतो.

मध्यमार्ग_नागपूर

@गोदाकाठ, दुकानांबद्दलचा तुमचा वैताग समजतो. पण "१९९३ ची मूर्ती म्हणून त्यात काय" हे पटत नाही. आमच्या दीक्षाभूमीचा आजचा स्तूप २००१ साली पूर्ण झाला. तिथे विजयादशमीला लाखो लोक येतात ते दगडाचं वय विचारून येत नाहीत. १९५६ साली तिथे काय घडलं त्यासाठी येतात. वापरात असलेलं श्रद्धास्थान आणि पुरातत्त्व खात्याचं स्मारक यांना एकच माप लावू नये. अजिंठ्यात आज कोणी वंदना घेत नाही, पो लिनमध्ये रोज होते.

शिवाय मठ १९९३ चा नाहीच. जिआंगसू प्रांतातले तीन भिक्खू १९०६ साली त्या पठारावर येऊन राहिले, तेव्हापासूनचा आहे. त्या वेळी ना केबल कार होती, ना डांबरी रस्ता. पो लिन हे नाव १९२४ चं.

मी पत्नीसह गेलो होतो. मूर्तीच्या पायथ्याशी, गर्दीपासून जरा बाजूला उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. पाली उच्चार ऐकून एक चिनी आजीबाई थबकल्या, आमचं म्हणून होईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. नंतर खुणांनीच विचारलं, कुठले? "इंडिया" म्हटल्यावर त्यांनी मूर्तीकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे, आणि हसल्या. म्हणजे काय, तर हा तुमच्याच गावचा ना!

चिंगीताई, एकच विनंती. तिकडे 'पॉइंट' बघायला आल्यासारखं वागू नका. मठाच्या दालनांत जिथे फोटोला मनाई लिहिली आहे तिथे फोटो काढू नका. आपलेच लोक काढताना पाहिले म्हणून लिहितोय.

चिंगी_ठाणे

@मध्यमार्ग, नक्की. आई तर देवळात मोबाइल बाहेर काढला तरी डोळे वटारते, त्यामुळे काळजी नसावी.
@वहिनी, बस पायथ्याशी थांबते हे सोन्यासारखं सांगितलंत. तरी दिरांचा प्रश्न अजून हवेतच आहे.

ओतारी

मी धातूकामातला माणूस, घरात पिढ्यानपिढ्या ओतकाम. श्रद्धेचं मध्यमार्ग यांनी सांगितलं, मी कारागिरीचं सांगतो, म्हणजे "नवीन आहे, त्यात काय" म्हणणाऱ्यांना जरा वजन कळेल.

आपण देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ओततो तो एका दमात. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा साचा, मेण वितळून गेलं की रस आत. एवढी प्रचंड मूर्ती अशी ओतता येत नाही. ती २०२ तुकड्यांत केली आहे. कांस्याचे तुकडे चीनमध्ये नानजिंगला ओतले, समुद्रमार्गे बेटावर आणले, घाटाने वर चढवले आणि तिथे जोडले. वजन अडीचशे टनांच्या वर. नुसता पत्रा उभा राहिला नसता, आत पोलादी सांगाडा आहे. हाँगकाँगला टायफून येतात, त्यात डोंगरमाथ्यावर उघड्यावर बसलेली मूर्ती. वाऱ्याचा मारा सगळा त्या सांगाड्याने झेलायचा. कामात चीनच्या अंतराळ उद्योगातल्या अभियंत्यांचा हात होता, तो उगाच नाही.

जवळ गेलात तर चेहऱ्यावर सांधे शोधा. मी बराच वेळ शोधत होतो, बायको कंटाळून खाली निघून गेली. सांधा घासून इतका जिरवला आहे की जोडणाऱ्याचे हात बघावेसे वाटतात. कपड्याच्या चुण्यांमध्ये तर तुकडा कुठे संपतो ते कळत नाही. चुणी असते तिथेच जोड द्यायचा, ही युक्ती आमच्याकडेही वापरतात.

२००७ पर्यंत उघड्यावरच्या बसलेल्या कांस्यबुद्धांमध्ये ही जगात सर्वांत मोठी होती.

रानवारा

@ओतारी, सुंदर प्रतिसाद. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर आहे. म्हणजे गेटवेच्या बराच वर डोकं निघेल, तेही बसून. आता डोळ्यांसमोर आलं.

गोदाकाठ_नाशिक

@ओतारी, हे मला तिथे कोणी सांगितलं असतं तर मीही चुण्या बघत बसलो असतो. आमच्या टूर मॅनेजरने "पाऊण तास, मग सगळे बसपाशी" एवढंच सांगितलं होतं. दुकानांबद्दलचं मत मात्र कायम.

सुगरण_आज्जी

जेवणाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

मठातच शाकाहारी भोजनालय आहे, ताट ठरलेलं असतं. चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा, लसूण, पातीचा कांदा असले उग्र पदार्थ मुळातच वर्ज्य. त्यामुळे चिंगी, तुझी आई तिथे आपल्या घरापेक्षा निर्धास्त जेवेल. सूप, मशरूम, टोफू, भाज्या, स्प्रिंग रोल, भात. तिखट नसतं, लोणच्याची पुडी बरोबर ठेव. बाहेरून मांसाहारी काही मठात नेऊ नका.

एक गंमत सांगते. चिनी शाकाहारात सोयाबीन आणि गव्हाच्या चिकाची 'नकली' मटणं-बदकं करतात, हुबेहूब. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी असलं काहीतरी समोर बघितलं आणि ताट सरकवून उठल्याच. त्यांना समजावता समजावता नाकी नऊ. शेवटी काकांनी त्यांचंही संपवलं आणि वर "छान शिजलंय" म्हणाले, तेव्हापासून त्यांच्या घरी संशयाचं वातावरण आहे.

टोफूचं गोड मऊ दह्यासारखं काहीतरी वाटीत मिळतं, वरून पाक घालून. ते सोडू नका.

टवाळखोर

काकांची चौकशी समिती नेमा.

श्रीरंग_सोलापूर

सुगरण आज्जी, टोफूचं गोड म्हणजे खरवसासारखं का?

सुगरण_आज्जी

अरे नाही. खरवसाला चीकच हवा, त्याची सर कुणाला नाही. पण पोटाला हलकं.

पद्मजा_बडोदा

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांचं निरीक्षण सांगते. पायऱ्या चढून गेलं की मूर्तीभोवती सहा देवकन्या आहेत, बुद्धाला काहीतरी अर्पण करताना. एकीच्या हातात फुलं, एकीकडे धूप, मग दिवा, लेप, फळं आणि वाद्य. माहितीफलकावर त्या सहा पारमितांची प्रतीकं आहेत असं लिहिलंय, म्हणजे दान, शील, क्षांती वगैरे. सासूबाईंनी फलक वाचलाच नाही. बघून सरळ म्हणाल्या, "अगं, ही तर आपली पंचोपचार पूजा. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. यांनी वर भजनी मंडळ ठेवलंय."

छातीवर स्वस्तिक बघून तर त्या खूशच झाल्या. खाली मठात शिरताना एका दालनात शस्त्रधारी रक्षक देवता आहे, तो म्हणजे स्कंद. आपला कार्तिकेय तिकडे जाऊन पहारेकरी झालाय.

कोकणी_माणूस

दक्षिणेकडे तोंड आहे का हो मूर्तीचं?

हाँगकाँगची_वहिनी

उत्तरेकडे. तिकडच्या मोठ्या बुद्धमूर्ती सहसा दक्षिणाभिमुख असतात, हा उत्तरेकडे बघतो, चीनच्या मुख्य भूमीकडे. त्यावरून लोक आपापल्या राजकीय मतांप्रमाणे अर्थ काढतात, मी त्यात पडत नाही. आम्हाला इथेच राहायचंय.

कोकणी_माणूस

सेफ उत्तर.

केदार_मस्कत

विषयांतर. ज्यांना टेकडीवरचा मोठा बुद्ध बघायचाय पण चढायचं अजिबात नाही, त्यांनी भूतानला थिंपूचा दोर्देन्मा बघावा, गाडी थेट वर जाते. आत हजारो छोट्या मूर्ती आहेत. देशातच हवं असेल तर सिक्कीममधलं रवांगला, १३० फुटी मूर्ती, मागे आकाश उघडं असेल तर कांचनजंगेची रांग. फुकेतचाही संगमरवरी बुद्ध टेकडीवर आहे, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या टेकडीखाली दरड कोसळून १३ जण गेले आणि ती जागा बंद केली होती. जाण्याआधी चौकशी करा.

चिंगी_ठाणे

केदार, तिकिटं हाँगकाँगची काढली आहेत हो :)

पिंपळपान

केबल कारला घाबरणाऱ्या बाबांना २००७ चा किस्सा सांगू नका. चाचणी चालू असताना एक डबा डोंगरात पडला होता. रिकामा होता, कोणाला काही झालं नाही, पण वर्षाच्या अखेरपर्यंत सेवा बंद होती. त्यानंतर इतकी वर्षं चालू आहे.

टवाळखोर

"सांगू नका" म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. बाबा मायबोली वाचत नाहीत अशी आशा करू.

मध्यमार्ग_नागपूर

एक राहिलं. मूर्तीपासून पायवाटेने पंधराएक मिनिटांवर 'प्रज्ञापथ' आहे. ३८ उंच लाकडी खांब, त्यांवर प्रज्ञापारमिता हृदयसूत्र चिनी लिपीत कोरलंय. अक्षरं जाओ त्सुंग-यी या विद्वानांची. खांबांची मांडणी आडव्या आठासारखी, अनंताची खूण. सगळ्यांत उंचावरचा खांब कोरा ठेवलाय, शून्यतेसाठी. आम्ही थेरवादी, म्हणजे जुन्या पाली परंपरेच्या वळणाचे, बाबासाहेबांचा बुद्ध वेगळा, चीनकडच्या महायान पंथाचे बोधिसत्त्व आणि मंत्र आम्हाला जवळचे नाहीत. पण त्या सूत्राच्या शेवटी "गते गते पारगते" येतं, तेवढं संस्कृत मी पुटपुटलो. तिथे सेल्फीवालेही कमी पोचतात. @गोदाकाठ, तुम्हाला पाऊण तासात हे दाखवलंच नसेल.

गोदाकाठ_नाशिक

नाही दाखवलं. पुढच्या वेळी तुमच्याबरोबर येतो.

इतिहासवेडा

मूर्तीच्या आत बुद्धाचा अस्थिधातू ठेवला आहे असं मठ सांगतो. अस्थिधातूंवरून आठवलं, वसई-विरारकरांना आपल्या दारात काय आहे ते माहीत नसतं. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा आतून दगडी करंडक आणि त्यात भिक्षापात्राचे तुकडे निघाले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. विरार लोकलने जाता येतं, केबल कार लागत नाही.

रानवारा

विरार लोकलपेक्षा २६८ पायऱ्या सोप्या.

चिंगी_ठाणे

मंडळी, जाऊन आलो! उशिरा लिहितेय, पण धाग्याचं ऋण फेडते.

जाताना केबल कार, येताना २३ नंबर, वहिनींच्या आज्ञेप्रमाणे. बाबा सबंध वेळ डब्याच्या छताकडे बघत होते आणि उतरल्यावर "दृश्य चांगलं होतं" म्हणाले. हवा स्वच्छ होती. चौकात विचारल्यावर आईला गाडीने वर जाऊ दिलं, बाबा 'सोबतीला' म्हणून तिच्याबरोबर गेले, आम्ही पायऱ्यांनी. वर पोचलो तर आई सहा देवकन्यांची प्रदक्षिणा उरकून बसलेली. मी चुण्यांमध्ये सांधे शोधले, @ओतारी, एकही सापडला नाही.

प्रज्ञापथापर्यंत आईला झेपलं नाही. मी आणि लेक गेलो, मध्ये रस्त्यात मोकाट गायी बसलेल्या, अगदी ठाण्यासारख्या. जेवण आईला इतकं आवडलं की तिने टोफूचं गोड दोनदा घेतलं. नकली बदक कोणी वाढलं नाही, बाबा जरा हिरमुसले.

दिरांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "मोठी आहे." त्यांच्याकडून एवढं पुष्कळ. मला विचाराल तर दिवस सत्कारणी लागला, पण घाईत जाणार असाल तर गोदाकाठ म्हणतात तसंच होईल, दुकानं आणि सेल्फी. अर्धा दिवस असेल तर नका जाऊ. डिस्नेलँड दुसऱ्या दिवशी झालं, त्याबद्दल न बोललेलं बरं, पाय अजून दुखतायत.

प्रवासी_पक्षी

धागा वर काढतोय. मला हाँगकाँगला नऊ तासांचा थांबा आहे, विमान बदलायचंय. तेवढ्यात बुद्ध होईल का? चिंगीताई "अर्धा दिवस असेल तर नका" म्हणतायत.

हाँगकाँगची_वहिनी

दिवसाचे नऊ तास असतील तर होईल, कारण विमानतळ त्याच बेटाला चिकटून आहे. एस-१ बसने तुंग चुंग, तिथून पुढे वरचंच सगळं. पण विमानतळाबाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टवाल्यांना आगमनपूर्व नोंदणी लागते, ती घरूनच ऑनलाइन करून छापील कागद जवळ ठेवा. सामान विमानतळावर ठेवायची सोय आहे. संध्याकाळी साडेपाचला पायऱ्या बंद करतात. आणि वारा सुटून केबल कार बंद असली तर हट्ट करू नका, सरळ बस पकडा. विमान किती वाजता उतरतंय तेवढं सांगा.